उजव्या मांडीचा पट्टा

पनवेलच्या कोळीवाड्यात काशिरामच्या तोंडी लागायला सहसा कुणी धजत नसे. माणूस शिवराळ नव्हता. पण समोरच्याकडे असा बघायचा, की आपण सदरा उलटा तर घातला नाही ना, असं त्या बिचाऱ्याला वाटावं. बोंबील दाबून बघून 'ताजे आहेत का' विचारणारी कॉलनीतली माणसं, होडीत बसायच्या आधी नारंगी जाकीट शोधणारे पाहुणे, पाण्याची बाटली घेऊन बाजारात येणाऱ्या बायका, या सगळ्यांसाठी त्याच्याकडे एकच शब्द होता, 'मऊ'. नाकातून हवा सोडत तो तेवढाच शब्द बोलायचा आणि मान वळवायचा.

त्याचा जावई या मऊ लोकांतला पहिल्या नंबरचा होता.

देवेश खांदा कॉलनीतला. बाप बँकेत, आई शाळेत, घरात पुस्तकांचं कपाट. काशिरामची किशोरी पनवेलच्या कॉलेजात त्याच्याबरोबर होती आणि तिथेच काय ते जमलं. काशिरामने फार आरडाओरडा केला नाही. लग्नात रीतीप्रमाणे जावयाचे पाय धुताना त्याने त्या पायांकडे नीट पाहून घेतलं होतं. बोटं गोरी, नखं कापलेली, टाचेला भेग म्हणून नाही. असल्या पायांवर पोर कशी उभी राहणार, असं त्याच्या मनात आलं आणि तेव्हापासून ते गेलंच नाही.

पुढे तर या देवेशने विमा कंपनीतली नोकरी सोडली. कॉलेजपासून डोंगर चढायचा नाद होता, त्यातून दोरांचं काम शिकला होता. कुंदन नावाच्या मित्राला घेऊन त्याने सोसायट्यांमधली झाडं छाटण्याचा, वाळलेल्या फांद्या उतरवण्याचा धंदा काढला. काशिरामने ते ऐकलं तेव्हा तो अंगणात जाळं विणत होता. हातातली सुई न थांबवता तो बायकोला म्हणाला, "सोना, माजा बाप माडावर चढायचा. त्याच्या पोरानी चढू नये म्हनून त्यानी होडी घेतली. आनि आपला जावय खुर्चीवरून उठून झाडावर गेला. शिकलेला हाय ना."

सोनाबाई तांदूळ निवडत राहिली. नवऱ्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचं तिने फार पूर्वीच सोडून दिलं होतं.

पण खाडीत मासळी उरली नव्हती. भराव पडत गेले, पाण्याला औषधासारखा वास यायला लागला, आणि काशिरामची होडी वर्षातले बरेच महिने पालथी पडून राहायला लागली. तेव्हा किशोरीच एक दिवस आली आणि म्हणाली, "बाबा, तुमी यांच्याबरोबर जा ना. माड तुमच्यासारखे कोन चढनार?" तो गेला. पोरीवर उपकार केल्यासारखा गेला. पायात काथ्याचा फास अडकवून तो सोसायट्यांचे माड सरसर चढायचा, सुकलेल्या झावळ्या, नारळ खाली सोडायचा, आणि खाली उतरला की शेजारच्या झाडावर दोर, हुका, पट्टे लावत बसलेल्या जावयाकडे बघून विडी शिलगावायचा.

"काय जावयबापू, साज चढवून झाला? का हळद लावायची बाकी हाय?"

देवेश हसायचा. "झालंच, मामा."

हेच काशिरामला सगळ्यात जास्त खटकायचं. काहीही बोला, हा आपला 'बरं मामा', 'हो मामा', 'झालंच मामा'. एकदा त्याने देवेशच्या देखत त्याच्या आईच्या कालवणाला गरम पाणी म्हटलं होतं. तरी हा हसला. ज्याला राग येत नाही तो पुरुष कसला, असं काशिरामचं सरळ मत होतं.

त्या वर्षी होळीच्या महिनाभर आधी खांदा कॉलनीतल्याच एका सोसायटीचं काम आलं. फाटकाशी जुनं, अंगणभर पसरलेलं रेन ट्री होतं. त्याला कीड लागली होती आणि गाड्या उभ्या करायच्या जागेवर आलेल्या दोन मोठ्या फांद्या वाळून गेल्या होत्या. छाटायची परवानगी आली होती. नेमका कुंदन तापाने आडवा झाला, म्हणून देवेशने सासऱ्याला विचारलं. माड नव्हे, पण खालच्या फांदीवरच्या बारीक डहाळ्या करवतीने काढायच्या, एवढंच काम.

सोसायटीच्या सेक्रेटरी वसुंधराबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. फाटकातच त्यांनी सांगितलं, "जो वर जाईल त्याने पट्टा बांधलाच पाहिजे. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये रंगारी पडला तो मी डोळ्यांनी बघितलाय. पट्टा नसेल तर काम नको."

"पट्टा आहेच, मॅडम," देवेश म्हणाला. "मी मामांना तेच सांगणार होतो."

काशिरामने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाई मऊ, जावई मऊ. मऊ माणसं एकमेकांना बरोबर ओळखतात.

देवेशने टेम्पोतून कुंदनचा हार्नेस काढला. कमरेला चांगला रुंद, आतून गादी लावलेला पट्टा, त्याला खाली लोंबणारे दोन मांड्यांचे पट्टे, आणि पुढे दोन कड्यांना जोडणारा जाड दोराचा तुकडा. तो जमिनीवर पसरून देवेश म्हणाला, "मामा, यात पाय घाला. कुंदन तुमच्यापेक्षा जाड आहे, त्यामुळे सगळं आवळून घ्यावं लागेल. नीट बसला नाही तर त्रास होतो."

"घोड्याला घालतात तसा हाय," काशिराम म्हणाला आणि पाय घातले.

देवेशने आधी कमरेचा पट्टा वर ओढला. "कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. खाली राहिला तर उलटं व्हायला वेळ लागत नाही." त्याने तो आवळला, मग पट्ट्याच्या आत सपाट पंजा सरकवून पाहिला, मूठ सरकते का तेही पाहिलं. मूठ अडकली तसं समाधानाने मान हलवली. काशिराम हात वर धरून उभा होता, शिंप्यापुढे उभं राहावं तसा. वॉचमन खुर्ची जवळ ओढून बघायला बसला होता. दोन बायका गॅलरीत आल्या होत्या.

मग देवेश त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसला.

जावई सासऱ्यासमोर गुडघे टेकून बसलेला काशिरामने जन्मात पाहिला नव्हता. कोळीवाड्यात कुणी पाहिलं असतं तर महिनाभर पुरलं असतं. पण देवेशला त्याचं काही नव्हतं. त्याने डाव्या मांडीचा पट्टा वर, अगदी बुडाच्या वळीपर्यंत सरकवला, बकल ओढलं, आत बोटं घालून पाहिली. "हा बरोबर. आता उजवा."

उजवा पट्टा वर सरकला आणि काशिरामने अंग मागे घेतलं.

त्याला उजव्या जांघेत अंतर्गळ होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी एकट्याने होडी वर ओढताना तिथे काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि मग अंड्याएवढा फुगवटा दिसायला लागला. आडवं झालं की तो आत जायचा, खोकलं की बाहेर यायचा. काशिराम त्यावर फडक्याची घडी ठेवून लंगोट करकचून बांधायचा आणि त्याच्या जोरावर माड चढायचा. हे त्याने डॉक्टरला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण साधं होतं. त्याचा चुलतभाऊ जोमा याला हेच झालं होतं, आणि जोमा मरेपर्यंत कोळीवाडा त्याला हसला होता. जोमा येताना दिसला की धक्क्यावरची पोरं त्याच्यासारखी फेंगडी चालायची. ती चाल पहिल्यांदा करून दाखवली होती काशिरामनेच.

"आवळता किती," तो म्हणाला. "पाय काय विकत घेतलाय का?"

"सैल राहिला तर वर जास्त लागेल, मामा. एकदा लटकून बघू."

देवेशने खालच्याच एका जाड फांदीवरून दोर घेतला, पुढच्या कडीत हूक अडकवला आणि म्हणाला, "आता खुर्चीत बसल्यासारखे बसा. पाय सोडून द्या. आरामात वाटलं पाहिजे. कुठे टोचतंय, कुठे मुंग्या येतात, ते सांगा. वर गेल्यावर सांगून उपयोग नाही."

काशिराम बसला. जमिनीपासून वीतभर वर लोंबकळला. उजव्या पट्ट्याची कड बरोबर त्या जागेवर आली, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने पटकन पाय खाली टेकले.

"कुठे लागलं?"

"कुठे नाय."

देवेशने उजवा पट्टा जरा खाली घेतला, मागची वादी आखूड केली, पुढचा दोर लांब केला. पुन्हा बसायला लावलं. पुन्हा काशिरामने पाय टेकले. पट्टा आतून उलटला असेल म्हणून देवेशने तो सोडून पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. त्याच्या लक्षात आलं की सासरा प्रत्येक वेळी उजवीकडेच अंग चोरतो आणि हात नकळत तिथेच नेतो. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "मामा, उजव्या बाजूला काही दुखणं आहे का? असेल तर सांगा. आज वर जायला नको."

आवाज खाली आणला होता, पण काशिरामला वाटलं सगळ्या सोसायटीने ऐकलं.

"जावयबापू," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "सासऱ्याच्या मांडीत हात घालून बगायचं इन्शुरन्सच्या कंपनीत शिकिवलं का तुमाला? का घरीच शिकलात?"

वॉचमन फसकन हसला. वसुंधराबाईंनी तोंड फिरवलं. देवेशचे कान लाल झाले. तो गुडघ्यांवरून उठला आणि म्हणाला, "बरं, मामा. पट्टा आहे तसा राहू दे. मात्र सैल करू नका."

काशिरामला मनातून बरं वाटलं. घाव बसला होता आणि गडी 'बरं' म्हणाला होता. असल्या माणसाला कसली भीती.

कुणाची तरी गाडी अजून झाडाखाली उभी होती. ती हलवून घ्यायला देवेश जिन्याकडे गेला. तेवढ्यात काशिरामने झाडाकडे तोंड करून, करवत लावतोय असं दाखवत, उजव्या मांडीचं बकल उघडलं आणि लोंबणारा पट्टा कमरेच्या गादीखाली खोचून टाकला. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. कमरेला बांधलंय ना, मग पुरे. बायका कमरपट्टा घालतात तसा.

देवेश आला तेव्हा सासरा दोन माणसांच्या उंचीएवढा वर पोचलेला होता. देवेशने आधीच लावून ठेवलेला दोर वरच्या बेचक्यातून आला होता आणि काशिरामच्या हाताशी एक गाठ होती. ती सरकवली की सरकायची, वजन पडलं की घट्ट धरायची. खाली जमिनीवरून सोडवायची तिथे सोय नव्हती, ज्याची गाठ त्याच्या हातात. हे देवेशने त्याला महिनाभरापूर्वी शिकवलं होतं आणि काशिरामने कंटाळत का होईना शिकून घेतलं होतं. दोऱ्यागाठींत त्याला कोण काय शिकवणार, पण ही गाठ त्याला माहीत नव्हती आणि तेवढ्यापुरतं त्याने तोंड बंद ठेवलं होतं.

फांदीवर पोचून त्याने डहाळ्या कापायला सुरुवात केली. खालून जावई सांगत होता, "मामा, दोर ताठ ठेवा. ढिला सोडू नका." काशिराम ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. साठी उलटली तरी तो फांदीवर असा उभा होता, जसे लोक फूटपाथवर उभे राहतात. गॅलरीतल्या बायका बघत होत्या. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, लांबच्या डहाळीला हात घातला. वाळलेल्या फांदीची साल आतून सुटलेली होती. पायाखालून ती सोलून निघाली आणि काशिराम गेला.

फार खाली गेला नाही. दोराने हिसका देऊन धरलं. पण पट्टा एका बाजूनेच धरलेला. कमरेची गादी सर्रकन वर सरकून फासळ्यांखाली रुतली, डाव्या मांडीवर सगळा भार आला आणि तो तिरका, अर्धा उलटा, असा फिरत राहिला. करवत खाली पडून वाजली. लंगोट सरकला. जांघेतलं ते बाहेर आलं आणि या वेळी आत जाईना. अशी कळ त्याने आयुष्यात सोसली नव्हती. श्वास वरच्या वर अडकत होता. गाठ डोक्याच्या वर गेली होती आणि हात तिथपर्यंत पोचत नव्हता.

"मामा, हलू नका," देवेशचा आवाज आला.

देवेशने स्वतःसाठी दुसरा दोर लावलेलाच होता. जावई कसा वर आला ते काशिरामला दिसलं नाही, त्याला नुसतं आभाळ आणि फांद्या गोल फिरताना दिसत होत्या. मग एक हात त्याच्या काखेखाली आला आणि त्याने त्याला सरळ केलं. देवेशचा चेहरा अगदी जवळ होता. त्याने सासऱ्याची कंबर पाहिली, खोचलेला पट्टा पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू कुठे गेलं कोण जाणे.

"हे तुम्ही सोडलंत?"

काशिरामने नजर चुकवली.

देवेशने आपल्या कमरेची एक पट्टी दोरात अडकवून तिचा फास खाली सोडला. "डावा पाय यात घाला. उभे राहा. दाबून उभे राहा." काशिराम उभा राहिला, तसा फासळ्यांवरचा भार उतरला आणि त्याला श्वास आला. देवेशने एका हाताने गादी खाली ओढली, हाडाच्या वर बसवली, आवळली. मग उजवा पट्टा मोकळा केला आणि मांडीखालून घ्यायला हात घातला. काशिरामने त्याचं मनगट धरलं.

"नको," तो म्हणाला. "तिथं नको."

"हात काढा."

"जावयबापू, नको बोलतो ना."

"हात काढा, नाहीतर मी तोडीन," देवेश म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण काशिरामचा हात आपोआप सुटला. देवेशने धोतराचा सोगा बाजूला केला आणि पाहिलं. खाली कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं.

"किती दिवसांचं आहे हे?"

"दोन वर्सं झाली."

"आणि यावर तुम्ही माड चढत होता. माझ्या कामावर. माझ्यासमोर." देवेशने आपला टी-शर्ट ओढून काढला, त्याची जाड घडी केली, पट्टा त्या जागेला चाटून जाणार नाही असा मांडीवर खाली घेतला आणि मध्ये ती घडी दाबून बसवली. हात नेमके चालले होते आणि तोंडही. "मी तुम्हाला विचारलं होतं. हळू विचारलं होतं. तुम्ही काय बोललात, आठवतंय? चार लोकांना हसवलंत. सहा वर्षं मी तुमचं ऐकून घेतोय. माझे पाय, माझी आई, माझं काम. मला वाटायचं, म्हातारा तिखट आहे, पण समजूतदार आहे. तुम्ही समजूतदार बिमजूतदार काही नाही. तुम्ही मूर्ख आहात, मामा. नुसते मूर्ख. तुमच्यासारखा भित्रा माणूस मी बघितला नाही. दुखतं म्हणायला घाबरता, आणि फुशारकी कसली, तर पट्टा बांधत नाही याची."

काशिराम त्याच्याकडे बघत राहिला. कळ तशीच होती, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पण त्या कळेच्या आत कुठेतरी त्याला वाटलं, अरे, याला येतं की.

"आता बसा," देवेश म्हणाला. "पाय सोडा. टोचतंय का?"

"नाय."

"खरं सांगा."

"थोडं डाव्या अंगाला."

देवेशने डावा पट्टा बोटभर सैल केला. "आता?"

"आता बरं हाय."

"मग आता तोंड बंद ठेवा आणि माझा खांदा धरा."

तो त्याला हळूहळू खाली घेऊन आला. जमिनीला पाय लागले तसा काशिराम ओकला. वसुंधराबाईंनी कुणाला न विचारता आपली गाडी काढली आणि फाटकाबाहेर आणली. देवेश तसाच उघडा मागच्या सीटवर सासऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दवाखान्यात डॉक्टरने पोटाला हात लावला आणि म्हणाला, आतडं अडकलंय, लगेच घ्यावं लागेल. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. आतडं काळं पडलं नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर पडलं असतं, असं डॉक्टरने किशोरीला सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर काशिरामने पाहिलं, सोनाबाई पायथ्याशी बसली होती. त्याने तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "तुला सांगनारच व्हतो मी."

"काय सांगनार व्हतात?" सोनाबाई म्हणाली. "तुमचे लंगोट दोन वर्सं कोन धुतंय? घडी घातलेली फडकी मला दिसत नाय का?"

"मग बोलली का नाय?"

"तुमाला बोलून काय उपेग? जोमाभावजींची चाल करून दाकवनारा मानूस तुमी. मी बोलली असती तर माज्या अंगावर आला असतात." ती उठली, पाण्याचा पेला भरून ठेवला. "मला वाटायचं, दुकायला लागलं की बोलाल. पन तुमी तर दगडापेक्षा मोठे." ते तिने अशा सुरात म्हटलं, की दगडालाही वाईट वाटलं असतं. मग ती खाली डबा आणायला गेली. काशिरामला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की या बाईच्या गप्प बसण्याला आपण होकार समजत आलो, आणि तो होकार नव्हता.

किशोरी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "यांनी तुमाला काय सांगितलं झाडावर? मला सांगत नायत."

"काय नाय," काशिराम म्हणाला.

संध्याकाळी देवेश आला. अंगात स्वच्छ सदरा, केस विंचरलेले, चेहऱ्यावर तेच हसू. "कसं वाटतंय, मामा?" काशिरामला त्या हसण्याची एकदम चीड आली. झाडावर होता तो माणूस कुठे गेला? त्याने मुद्दाम खडा टाकला.

"पट्टा काय कामाचा नाय, जावयबापू. शेवटी दोरानीच धरलं. पट्टा शहरातल्या बुडांसाठी असतो."

हसू गेलं. देवेशने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसला. "तुम्ही गप्प पडून राहा," तो म्हणाला. "तुम्ही बोललात की मला तुम्हाला परत तिथे टांगावंसं वाटतं. तीन महिने तुम्ही जिनासुद्धा चढायचा नाही. नंतर चढायचं का, ते मी ठरवीन. डॉक्टर काय म्हणेल ते म्हणू दे, मला पटलं नाही तर तुम्ही खाली बसून दोर गुंडाळणार. पटत असेल तर हो म्हणा, नसेल तर होडीला डांबर लावा."

किशोरी दारात उभी होती. तिने तोंडावर ओढणी धरली. नवऱ्याला वडिलांशी असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

काशिरामने मान हलवली. "हो," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पन तुमच्या आयशीचं कालवन मात्र खरंच पानचट असतं."

"माहीत आहे मला," देवेश म्हणाला. "मीपण तेच खातो. तिला सांगायची हिंमत नाही माझ्यात."

नर्स येऊन रागावली, पेशंटला हसवू नका, टाके आहेत म्हणाली. काशिरामने तिच्याकडे असं पाहिलं की ती आपली टोपी चाचपत बाहेर गेली.

घरी आल्यावर कोळीवाड्यातले लोक विचारपूस करायला येत राहिले. काय झालं होतं, ते काशिरामने आता लपवलं नाही. अंतर्गळ होतं, आतडं अडकलं होतं, ऑपरेशन झालं. हसायचं त्यांनी हसून घ्यावं, अशा डोळ्यांनी तो एकेकाकडे बघायचा आणि कुणाला हसायचा धीर व्हायचा नाही. जोमाची बायको मात्र आली नाही. ती समोरच राहत होती. काशिराम काठी टेकत जाऊन तिच्या ओट्यावर बसला, बराच वेळ बसला, आणि ती भांडी घासत राहिली. उठताना तो एवढंच म्हणाला, "वयनी, मी चुकीचा वागलो त्याच्याशी." तिने राखेचा हात तसाच ठेवून म्हटलं, "आता कळलं व्हय," आणि पुन्हा भांड्याला लागली. तिने त्याला चहा विचारला नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं काशिरामलाही वाटलं नाही.

पुढे शिमग्याच्या दिवशी धक्क्यावर माणसं जमली होती. लडकू नावाचा एक जण, बंदरात कामाला जाणारा, दोन घोट पोटात गेल्यावर काशिरामला म्हणाला, "काका, तुमचा जावय अजून दोरीला लटकतो का? मानूस बरा हाय, पन मऊ वाटतो जरा."

काशिरामने विडी तोंडातून काढली. लडकूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या इस्त्रीच्या पँटीकडे, चकचकीत बुटांकडे.

"तुजा सासरा हाय ना रे, पेनचा? गाडी हाय त्याच्याकडं?"

"हाय ना."

"त्याच्या तोंडावर त्याला मूर्ख बोलला हाय का कदी?"

लडकू गोंधळून हसला. "सासऱ्याला कोन असं बोलंल?"

"मग गप बस," काशिराम म्हणाला आणि मान वळवून खाडीकडे बघत विडी ओढत राहिला.